इंजिनिअरचे परराष्ट्र खात्यात काय काम?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कार्यालय सुटल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे परभणीतील आमच्या वस्तीच्या अभ्यासिकेत वर्तमानपत्रे लावीत बसलो होतो. तेवढ्यात शेजारच्या गल्लीतल्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. कृषी विद्यापीठाच्या शेतावर रोजंदारीने जाणारी ही माउली. पायाला चिखल तसाच, हातात रिकामा डबा. म्हणाल्या, "भाऊ, माझी लेक इंजिनेर झाली, तुम्हाला म्हाईतच हाय. आता घराला हातभार लागंल म्हनून बसलो होतो, तं ती म्हन्ती परदेशी खात्याची परीक्षा द्यायची. मला सांगा, इंजिनेरचं तिथं काय काम?"

आम्ही फारसा विचार न करता सांगून टाकले, "मावशी, तिला म्हणावं आधी नोकरी धर. हे खातं आपल्यासारख्यांचं नाही." मावशींना बरे वाटले. त्या निघून गेल्या.

रात्री मात्र आम्हाला झोप लागेना. वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही बी. कॉम. झालो, तेव्हा पुढे शिकायची फार इच्छा होती. आमचे हित पाहणाऱ्या एका वडीलधाऱ्या माणसाने असेच सांगितले होते, "कारकुनी मिळते आहे ना? मग धर की." ती आम्ही धरली आणि त्या नोकरीने आमचे घर उभे केले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण "आपल्यासारख्यांचं नाही" हे वाक्य आम्ही दुसऱ्याच्या लेकरापुढे कोणत्या अधिकाराने उच्चारले? म्हणून आम्ही जुनी कात्रणे आणि पुस्तके काढली आणि मावशींच्या प्रश्नाचे खरे उत्तर शोधले. वाचकहो, ते उत्तर तुमच्याही घरातल्या मुलामुलींच्या उपयोगाचे आहे.

तारापूरचा धडा

परराष्ट्र खाते म्हटले की कोट-टाय घातलेली, इंग्रजी बोलणारी, मेजवान्यांना जाणारी माणसे आपल्या डोळ्यांपुढे येतात. पण दोन देश एकमेकांशी बोलतात ते कशाबद्दल? पाणी, वीज, इंधन, शस्त्रे, जहाजे, उपग्रह, दूरसंचार. या सगळ्या गोष्टी इंजिनिअरच्या हाताखालून गेलेल्या असतात.

आपल्याच महाराष्ट्रातले तारापूर घ्या. १९६३ साली भारताने अमेरिकेशी करार केला आणि तेथे दोन अणुभट्ट्या उभारल्या. १९६९ मध्ये त्यांतून वीज मिळू लागली. या भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागते आणि ते अमेरिकेने पुरवावे असे ठरले होते. १८ मे १९७४ रोजी भारताने पोखरण येथे अणुस्फोट केला. त्यानंतर अमेरिकेने १९७८ मध्ये नवा कायदा केला आणि इंधनाचा पुरवठा अडला. पुढे १९८२ च्या समझोत्याने फ्रान्सने इंधन देण्याचे मान्य केले, तेव्हा तारापूरचा प्रश्न तात्पुरता सुटला.

यातला धडा असा की, यंत्र आपल्या जमिनीवर असले तरी त्याचे इंधन दुसऱ्याच्या हातात असेल, तर आपली मानही त्याच्या हातात जाते. दर हंगामाला बियाणे दुकानातून आणावे लागणारा शेतकरी आणि घरचे बियाणे राखून ठेवणारा शेतकरी, या दोघांत जो फरक आहे तोच येथेही आहे. आमच्या मावशींना हे समजावून सांगावे लागणार नाही.

बडवानीच्या शिक्षिकेचा मुलगा

आता ज्यांच्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला, त्या माणसाकडे येऊ. डॉ. अनिल काकोडकर. जन्म ११ नोव्हेंबर १९४३, आजच्या मध्य प्रदेशातील बडवानी या लहान गावी. वडील पुरुषोत्तम काकोडकर गोवा मुक्तीच्या लढ्यातले. १९४६ मध्ये पोर्तुगीज सरकारने त्यांना पकडले आणि शिक्षा देऊन पोर्तुगालला धाडले. घरी राहिल्या आई कमलाताई. त्यांनी शिक्षणाचे काम करून मुलाला वाढवले. कर्ता पुरुष सातासमुद्रापार बंदिवासात आणि आईच्या कमाईवर चाललेले घर. अशी घरे आपल्या वस्त्यांतही आहेत.

खरगोनला मॅट्रिक होऊन हा मुलगा मुंबईला आला. रुपारेल महाविद्यालयात शिकला. १९६३ मध्ये माटुंग्याच्या व्ही.जे.टी.आय.मधून मेकॅनिकल इंजिनिअर झाला. १९६४ मध्ये तो भाभा अणुसंशोधन केंद्रात लागला. पुढे इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठातून १९६९ मध्ये त्याने पदव्युत्तर पदवी घेतली. विषय होता यंत्राच्या भागांवर पडणारा ताण प्रयोगाने कसा मोजावा. ताण किती सोसेल आणि कुठे तुटेल हे ओळखणे, हेच त्यांचे मूळ शिक्षण होते.

ट्रॉम्बे येथील ध्रुव ही संशोधन अणुभट्टी १९८५ मध्ये सुरू झाली. तिच्या रचनेत काकोडकरांचा मोठा वाटा होता. कल्पाक्कमच्या दोन भट्ट्या बिघाडामुळे मोडीत काढाव्या लागतील अशी वेळ आली, तेव्हा त्या पुन्हा चालत्या करण्याच्या कामातही ते पुढे होते. १९७४ आणि १९९८ च्या दोन्ही अणुचाचण्यांत त्यांचा सहभाग होता. १९९६ मध्ये ते भाभा केंद्राचे संचालक झाले आणि २००० ते २००९ या काळात अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष व अणुऊर्जा खात्याचे सचिव होते.

येथवरची कहाणी हुशार इंजिनिअरची. खरी कसोटी पुढेच होती.

एका इंजिनिअरचा नकार

१८ जुलै २००५ रोजी वॉशिंग्टन येथे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी संयुक्त निवेदन काढले. भारताने आपल्या अणुभट्ट्यांची नागरी आणि लष्करी अशी वाटणी करायची, नागरी भट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीखाली द्यायच्या आणि त्या बदल्यात जगाने भारताला इंधन व तंत्रज्ञान विकायचे, असा तो विचार होता.

वाटणी कशी करायची यावरच सगळे अडले. भांडण मुख्यतः ब्रीडर नावाच्या भट्टीवरून होते. ही भट्टी जेवढे इंधन वापरते त्याहून अधिक नवे इंधन तयार करू शकते. म्हणजे आपल्या भाषेत घरचे बियाणे! भारतात युरेनियम थोडे आहे, पण केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियम पुष्कळ आहे. त्या थोरियमपर्यंत पोचायचा रस्ता ब्रीडरमधून जातो. ही भट्टीही तपासणीखाली द्यावी असा अमेरिकेकडून आग्रह होता.

फेब्रुवारी २००६ मध्ये काकोडकरांनी एका इंग्रजी दैनिकाला मुलाखत दिली आणि उघडपणे सांगितले की, ब्रीडर तपासणीखाली देणे देशाच्या हिताचे नाही आणि कोणती भट्टी नागरी हे ठरविण्याचा हक्क भारताचा आहे. दिल्लीत खळबळ उडाली. वाटाघाटी करणारे मुत्सद्दी परराष्ट्र खात्याचे, आणि बोलला एक इंजिनिअर!

बुश दिल्लीत असताना २ मार्च २००६ रोजी ठरलेली वाटणी जाहीर झाली. चालू व बांधकामाखालील अशा २२ वीज भट्ट्यांपैकी १४ भट्ट्या २०१४ पर्यंत टप्प्याटप्प्याने तपासणीखाली जाणार होत्या. ब्रीडर मात्र बाहेर राहिली. त्यानंतरही वाट सोपी नव्हती. डाव्या पक्षांनी सरकारचा पाठिंबा काढला. २२ जुलै २००८ रोजी लोकसभेत सरकारने विश्वासठराव २७५ विरुद्ध २५६ मतांनी जिंकला. १ ऑगस्टला व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने आणि ६ सप्टेंबरला ४५ अणुपुरवठादार देशांच्या गटाने संमती दिली. १० ऑक्टोबर २००८ रोजी प्रणव मुखर्जी आणि कोंडोलिझा राईस यांनी करारावर सह्या केल्या.

या कराराबद्दल तेव्हा मतभेद होते आणि ते आजही आहेत. अणुवीज हवी की नको, यावर जैतापूरच्या लोकांनी सरकारशी मोठा लढा दिला. त्यांचे प्रश्न खोटे नव्हते. तो वाद आम्ही येथे सोडवू शकत नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. महासत्तेपुढे "एवढे देतो, हे मात्र देणार नाही" असे म्हणायला आवाज मोठा असून भागत नाही. काय दिले तर पुढच्या पिढीचे नुकसान होईल, याची पक्की जाण लागते. ती जाण काकोडकरांना चाळीस वर्षे यंत्रांबरोबर काढल्यामुळे आली होती. ताण कुठे सोसेल आणि कुठे तुटेल, हे त्यांना करारातही दिसले.

नद्यांचे इंजिनिअर

हे एकच उदाहरण आहे असे कोणी समजू नये. जायकवाडीत वरून किती पाणी सोडायचे, यावरून काय ओढाताण होते हे परभणीकरांना सांगायला नको. तीच ओढाताण फाळणीनंतर भारत आणि पाकिस्तान यांच्यात सिंधू नदीवरून झाली. जागतिक बँकेच्या मध्यस्थीने अनेक वर्षे बोलणी चालली. त्या बोलण्यांत भारताची बाजू सांभाळणारे निरंजनदास गुल्हाटी हे पाटबंधाऱ्याचे इंजिनिअर होते. १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत सिंधू पाणीवाटप करार झाला. त्या करारातच असे लिहिले आहे की, दोन्ही देशांचा आयुक्त हा शक्यतो जलविज्ञान जाणणारा वरिष्ठ इंजिनिअर असावा! एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने हा करार स्थगित केला. तरी तोवरची पासष्ट वर्षे, युद्धे झाली तरीही, दोन्ही देशांचे इंजिनिअर पाण्याचे आकडे समोर ठेवून बोलत आले होते.

सरळ परीक्षा देऊन गेलेलेही आहेत. अमनदीपसिंग गिल यांनी चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली आणि १९९२ मध्ये ते भारतीय परराष्ट्र सेवेत दाखल झाले. २०१६ ते २०१८ या काळात जिनिव्हा येथील निःशस्त्रीकरण परिषदेत ते भारताचे राजदूत होते. माणसाच्या हुकमाशिवाय मारणाऱ्या यंत्रांवर बंधन कसे घालावे, या चर्चेचे अध्यक्षपद तेथे त्यांच्याकडे आले. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी त्यांना तंत्रज्ञानविषयक दूत नेमले. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला माणूसच अशा प्रश्नाच्या मुळाशी जाऊ शकतो. इंजिनिअरच कशाला, आपल्या महाराष्ट्राच्या देवयानी खोब्रागडे या वैद्यकीय पदवी घेऊन १९९९ मध्ये परराष्ट्र सेवेत गेल्या.

बाबासाहेबांचा हिशेब

बाबासाहेब इंजिनिअर नव्हते. पण १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात ते मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ १९४४ मध्ये आणि केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग १९४५ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाले. दामोदर खोऱ्याच्या योजनेसाठी अमेरिकेतील टेनेसी खोऱ्यात काम केलेले इंजिनिअर व्हूर्डविन यांना आणले गेले.

आणि परराष्ट्र धोरण? १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना त्यांनी जी कारणे दिली, त्यांत हिंदू कोड बिल आपल्याला ठाऊक आहे. पण परराष्ट्र धोरण हेही एक कारण होते, हे आपण विसरतो. १० ऑक्टोबर १९५१ च्या निवेदनात त्यांनी हिशेब मांडला होता की, वर्षाच्या ३५० कोटी रुपयांच्या महसुलातले सुमारे १८० कोटी सैन्यावर खर्च होतात आणि याचे मूळ आपल्या परराष्ट्र धोरणात आहे. म्हणजे परराष्ट्र धोरण चुकले की त्याची किंमत गरिबाच्या भाकरीतून जाते, हे त्यांनी आकड्यांत दाखवले. मग ते खाते "आपल्यासारख्यांचं नाही" असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणालो?

शिवाय जग आता आपल्या दारात आले आहे. १९९९ पर्यंत आपल्या परभणी जिल्ह्यात असलेल्या आणि आता हिंगोलीत गेलेल्या औंढा नागनाथ परिसरात लायगो ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या. त्यासाठी ३१ मार्च २०१६ रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात सामंजस्य करार झाला आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. औंढ्याच्या माळावरचे एक यंत्र आणि त्याच्यामागे दोन देशांचा करार!

वाट कशी आहे?

आता कामाचे बोलू. भारतीय परराष्ट्र सेवेची वेगळी परीक्षा नाही. कलेक्टर ज्या परीक्षेतून होतो, तीच संघ लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा. कोणतीही पदवी चालते. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत असे तीन टप्पे आहेत. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीतून देता येते. इंग्रजीचा एक पेपर मात्र उत्तीर्ण व्हावेच लागते. ऐच्छिक विषयांत सिव्हिल, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आहे. मराठी साहित्यही आहे. मुख्य परीक्षेचे १,७५० आणि मुलाखतीचे २७५ असे एकूण २,०२५ गुण असतात.

खुल्या प्रवर्गाला ३२ वर्षांपर्यंत सहा संधी आहेत. अनुसूचित जातींना वयात पाच वर्षांची सवलत आहे आणि त्या वयापर्यंत संधींची मर्यादा नाही. त्यांना आणि सर्व मुलींना परीक्षेचे शुल्क नाही. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. त्यासाठी जातीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतो. तो आधीच काढून ठेवा. ऐन वेळी तहसीलच्या चकरा मारताना मुले रडकुंडीला येतात, हे आम्ही पाहतो. पुण्याच्या बार्टी संस्थेच्या प्रशिक्षण योजनेची जाहिरात दरवर्षी पाहत राहा.

निवड झाली की आधी मसुरीला, मग दिल्लीच्या सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत प्रशिक्षण होते आणि एक परदेशी भाषा सक्तीने शिकावी लागते.

पण आम्ही खोटी आशा दाखवणार नाही. अर्ज लाखो येतात आणि परराष्ट्र सेवेच्या जागा वर्षाला काही डझनच असतात. नोकरी न करता पाच-सहा वर्षे पुण्यात खोली घेऊन बसणे मजुराच्या घराला परवडत नाही. अशी बसलेली आणि मोडलेली मुलेही आम्ही पाहिली आहेत. म्हणून प्रयत्न किती करायचे हे घरात बसून आधीच ठरवा. आणि काकोडकरांची वाटही विसरू नका. ते परराष्ट्र सेवेत कधीच नव्हते! भाभा केंद्राच्या प्रशिक्षण शाळेत आजही इंजिनिअर पदवीधरांना गेटच्या गुणांवर किंवा परीक्षेतून घेतात आणि शिकताना विद्यावेतन देतात. आपल्या कामात इतके पारंगत व्हा की, देशाला बोलणी करताना तुम्हाला विचारावे लागेल. तीही परराष्ट्र धोरणाचीच वाट आहे.

मावशींच्या घरी

पुढच्या रविवारी आम्ही मावशींच्या घरी गेलो. "मावशी, आम्ही त्या दिवशी चुकीचं सांगितलं," असे आधी कबूल केले. मग हे सगळे सांगितले. लेक चुलीजवळ बसून ऐकत होती. मावशींनी शेवटी एकच विचारले, "मंग ते काकोडकर साहेब नाही म्हनले, आन् अमेरिका आयकली?"

आम्ही म्हणालो, "एकट्याच्या म्हणण्यानं नाही मावशी. सरकार होतं, खातं होतं, बाकीची माणसंही होती. पण काय सोडायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून म्हणता आलं."

मावशी थोडा वेळ गप्प बसल्या. मग लेकीकडे पाहून म्हणाल्या, "दोन वर्सं मी अजून जाते शेतावर. तू नोकरी कर, रातीचा अभ्यास कर. तीनदा परीक्षा दे. नाही झालं तं रडत बसायचं नाही."

आमच्या सगळ्या कात्रणांपेक्षा हा हिशेब चोख होता. मुलीने एका खासगी कंपनीत काम धरले आहे. इलेक्ट्रिकल हाच ऐच्छिक विषय घ्यायचे तिने ठरवले आहे. संध्याकाळी ती अभ्यासिकेत येते आणि नकाशाखालच्या बाकावर बसते. पुढे काय होईल ते परीक्षाच सांगेल. आम्ही मात्र त्या दिवसापासून कोणाच्याही लेकराला "हे आपल्यासारख्यांचं नाही" असे सांगणे सोडले आहे. तुम्हीही सोडावे, एवढीच विनंती.